तारीख नसलेली तयारी

उज्जैन हे वेळेचं गाव आहे. महाकाल म्हणजे काळाचाच स्वामी, पण देवाच्या नावापलीकडेही या गावाचा वेळेशी जुना हिशेब आहे. आपल्या जुन्या ज्योतिषांनी मध्यरेषा धरली ती उज्जयिनीची, आणि ग्रहांची गणितं तिच्यावर बसवली. अठराव्या शतकात सवाई जयसिंगानं इथे वेधशाळा उभारली. ती मोडकळीला आल्यावर विसाव्या शतकात माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली, आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या मराठी गणितज्ञानं तिथला कारभार पाहिला. कर्कवृत्त गावाला जवळजवळ खेटून जातं. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी शंकुयंत्राची सावली काही क्षण नाहीशी होते. कुठल्या दिवशी आणि किती वाजता, हे आधीच ठाऊक असतं. लोक घड्याळ बघत जमतात आणि सावली नाहीशी झाली की टाळ्या वाजवतात.

अशा गावात तयारी म्हणजे तारखेची तयारी. भस्म आरती पहाटे चारला, म्हणून माणसं मध्यरात्रीपासून आंघोळ उरकून रांगेत. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. इंदूरहून तुम्ही बसनं आलात की नानाखेड्याला उतरता, आणि गाव कशाच्या नादात आहे हे तिथेच कळतं. रस्ता सहापदरी होतोय. धूळ, बॅरिकेड, वळवलेली वाहतूक, आणि प्रत्येक गैरसोयीला एकच उत्तर: सिंहस्थ आहे ना! रिक्षावाला खड्ड्यातून रिक्षा काढतानाही ते इतक्या आपलेपणानं सांगतो, जणू पाहुणे त्याच्याच घरी उतरणार आहेत. मला ते आवडतं. एका तारखेसाठी अख्खं शहर कंबर कसून उभं राहतं, यात एक ताकद आहे.

याच नानाखेड्याच्या बाजूला, स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझी आत्या राहते. मूळ अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. ती लग्न होऊन माळव्यात आली आणि इथलीच झाली. तिच्या मराठीत आता 'थैली' आणि 'टाइम' आहेत, पोह्यांवर शेव पडल्याशिवाय तिला पोहे खाल्ल्यासारखे वाटत नाहीत, आणि 'हौ' म्हणून होकार भरते. पण ती ख्रिस्ती आहे ती नगरची, पक्की. रविवारची उपासना हिंदीत होते, तिथे ती जाते. बुधवारी संध्याकाळी मात्र तिच्या घरी मराठी बोलणारी पाच-सात घरं जमतात. 'उपासना संगीत'च्या जुन्या प्रती निघतात, पाठकोऱ्या कागदांचे पुठ्ठे लावलेल्या. नारायण वामन टिळकांची भजनं होतात. कुणी शास्त्रपाठ वाचतं, कुणी आठवड्यात काय घडलं ते सांगतं, शेवटी प्रार्थना आणि मग चहा. पेटी वाजते, पण खिडक्या लावून. धर्मांतराविषयीचा कायदा या राज्यात 1968 पासून आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला, आणि घरात चारजण जमून गायले की कुणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. जमणारे सगळे तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती, कुणाला बाटवायला बसलेले नाहीत. तरी आत्या खिडकी लावते, आणि शेजारच्या काकूंना दर वेळी चहाला बोलावते. काकू येतातही. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी हरसिद्धीच्या देवळात जायचं असतं, त्या अर्ध्या तासात उठतात.

आत्या ज्या गोष्टीची तयारी करते तिला तारीख नाही. गाव ज्या गोष्टीत वाकबगार आहे, तिच्या नेमकं उलट. शुभवर्तमानात प्रभू परत येईल असं सांगितलंय, आणि लगेच हेही सांगितलंय की तो दिवस, ती घटका कुणाला माहीत नाही. त्यावरून तारखा काढणाऱ्यांची ख्रिस्ती जगात कधी कमतरता पडली नाही. कुणी दानीएलाच्या पुस्तकातून आकडे काढतो, कुणी युद्धांच्या बातम्यांतून. माझ्या लहानपणी अशी पत्रकं हातोहात फिरायची. आत्याच्या मोबाइलवर आता तसे व्हिडिओ येतात. ती ते बघत नाही. "तारीख कळली तर मी आदल्या दिवशी घर झाडीन, त्याच्या आधी नाही," असं तिचं म्हणणं. मला वाटतं, तारीख न सांगण्यामागचं कारण इतकंच असावं.

पण तारीख नसलेल्या तयारीत एक गोची आहे. माणूस पेंगतो. सिंहस्थाला सरकार आहे, आखाडे आहेत, मुदती आहेत, कंत्राटदाराच्या मागे लागणारा कलेक्टर आहे. इथे कोण मागे लागणार? सुरुवातीच्या मंडळीलाच हा प्रश्न पडला होता. पौलानं थेस्सलनीकातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं ते इसवी सन 50 च्या आसपास, म्हणजे नव्या करारातल्या सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी ते एक. येशूला जाऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती आणि एवढ्यातच तिथे दोन गोष्टी घडल्या. काही माणसं वाट बघता बघता मेली, तेव्हा मागे राहिलेल्यांना धक्का बसला: यांचं आता काय? आणि काहींनी, प्रभू येणारच आहे तर, म्हणून कामधंदा सोडून दिला. पौल दोघांनाही तारीख देत नाही. मेलेल्यांबद्दल तो आशा सांगतो, रिकाम्यांना आपल्या हातांनी काम करा म्हणतो, आणि पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येतो की एकमेकांना धीर द्या, एकमेकांना उभं करा. त्या पत्रातली मला आवडणारी जागा वेगळीच आहे. पौलाला त्या मंडळीची काळजी सहन होईना, म्हणून त्यानं तीमथ्याला पाठवलं, त्यांना बळ द्यायला. तीमथ्य परत आला, ती माणसं टिकून आहेत असं म्हणाला, आणि त्या बातमीनं पौलाच्याच जिवात जीव आला. धीर द्यायला गेलेल्याच्या हाती पाठवणाऱ्यासाठीच धीर परत आला.

आत्याकडे एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, चौकटीची. तिच्यात शिसपेन्सिलीनं नावं आहेत आणि नावांपुढे बारीक अक्षरात काय काय: शुगर, बोर्डाची परीक्षा, जावयाची नोकरी गेली, गुडघा, 'बोलत नाही हल्ली'. शिसपेन्सिल अशासाठी की नोंदी बदलतात. 'नोकरी गेली' खोडून 'लागली' लिहायचं असतं, तेव्हा तिला कोण आनंद होतो. शनिवारी संध्याकाळी ती वही उघडून फोन लावते. उद्या उपासना आहे हे सांगायला म्हणून फोन करायचा, पण ते शेवटच्या वाक्यात यायचं. आधी गुडघा. एका मुलाची पीथमपूरच्या कारखान्यात रात्रपाळी असते. त्याला ती सकाळी सातला फोन करते, पाळी सुटल्या सुटल्या. तो म्हणतो, आत्या, झोपू दे गं. ती म्हणते, झोप, तेवढंच सांगायचं होतं की तुझं नाव घेतलंय, आणि ठेवून देते.

हे सगळं गोड आहे असं समजू नका. छोट्या मंडळीत 'रविवारी दिसला नाहीस' हे वाक्य दोन प्रकारांनी म्हणता येतं. एकात काळजी असते, दुसऱ्यात हजेरीपट. ज्यांचं बालपण चर्चच्या आवारात गेलंय, त्यांना दुसरा प्रकार चांगला ओळखीचा आहे. कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली इथपासून कुणी दशांश दिला नाही इथपर्यंत सगळं 'प्रार्थनेचा विषय' म्हणून फिरतं. धीर देण्याच्या नावाखाली माणसं एकमेकांवर पहारा करतात. मी आत्यालाच विचारलं, तुझ्या फोनात आणि त्या पहाऱ्यात फरक काय? ती म्हणाली, "मी विचारते, पण ऐकलेलं दुसऱ्याला सांगत नाही." वही कुणाला दाखवत नाही हे खरं. मला दिसली ती टेबलावर राहून गेली होती म्हणून, आणि तिनं ती लगेच उचलली.

मी गेलो होतो त्या बुधवारी पाठ निघाला दहा कुमारींचा. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. लग्नाच्या वरातीला सामोऱ्या जायला दहाजणी दिवे घेऊन निघतात. पाचजणी कुपीत जास्तीचं तेल घेतात, पाच घेत नाहीत. नवरदेवाला उशीर होतो. मध्यरात्री हाक येते, दिवे विझायला लागलेले असतात. तेल द्या म्हटल्यावर शहाण्या नाही म्हणतात, दुकानात जा म्हणतात. त्या जातात, तोवर दार बंद. लहानपणापासून या गोष्टीवर ऐकलेली प्रवचनं एकाच सुरात असतात: शहाण्या व्हा, मूर्ख होऊ नका. पण बायबल उघडून नीट वाचलं तर एक गोष्ट सुटता कामा नये, की झोपल्या दहाही. शहाण्याही पेंगल्या, झोपल्या. येशू त्यांना झोपेबद्दल बोल लावत नाही. रात्र मोठी असली की डोळा लागतोच, हे त्याला मान्य दिसतं.

चर्चा रंगली ती तेल न देण्यावर. पीथमपूरवाल्या मुलाची आई म्हणाली, शहाण्या कसल्या, आपमतलबी. थोडं थोडं दिलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणीतरी नेहमीचं उत्तर दिलं, विश्वास उसना देता येत नाही, तेल म्हणजे ज्याचं त्याचं. ते खरंच आहे. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. संसार मोडला, माहेर-सासर हादरलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आल्यावरही त्या नवऱ्याच्या धर्मात लगेच शिरल्या नाहीत. सोवळं-ओवळं त्यांचं त्यांनी एकेक करून तपासलं, टाकायचं ते टाकलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं. नवऱ्याच्या कुपीतलं तेल त्यांनी ओतून घेतलं नाही. म्हणूनच टिळक 1919 मध्ये गेल्यावर त्यांचा दिवा विझला नाही. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायना'त 64 अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या, मोडकंतोडकं वाचत मोठ्या झालेल्या बाईनं ते केलं.

हे सगळं बोलणं आत्या स्वयंपाकघरातून ऐकत होती. चहाचं आधण ठेवून ती दारात आली आणि म्हणाली, "मध्यरात्री तेल दिलं नाही ते सोडा. संध्याकाळी काय झालं होतं? दहाजणी एकत्र निघाल्या ना? पाचजणींच्या हातात कुपी होत्या, पाचजणींच्या नव्हत्या. सगळ्यांना दिसत होतं. एकीनं तरी म्हणायचं होतं, अगं, थैली आणलीस का तू, दुकानं उघडी आहेत अजून."

असं कुठल्या टीकाग्रंथात असेल तर असो, मी वाचलेलं नव्हतं. गोष्टीत ते लिहिलेलं नाही, आणि दृष्टान्ताला त्याच्या सोयीपेक्षा जास्त ताणू नये असा नियम आहे, हेही मला ठाऊक आहे. येशूला तिथे सांगायचं होतं ते जागं राहण्याबद्दल. पण माझ्या मते आत्यानं पौलाची सूचना येशूच्या गोष्टीत नेमक्या जागी बसवली. मध्यरात्री कुणी कुणाला काही देऊ शकत नाही. आजारपणाच्या शेवटच्या रात्री, कोर्टाच्या पायरीवर, जमावासमोर माणूस आपल्याच तेलावर उभा राहतो. दुसऱ्यानं करायचं ते संध्याकाळी, दुकानं उघडी असताना. आणि ते करणं फार साधं असतं, इतकं की सातला फोन करून ठेवून देण्याएवढं.

केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास वाचताना मला हेच दिसतं. 1905 मध्ये तिथे मोठं आत्मिक जागरण झालं, त्याची वर्णनं जगभर गेली, आणि लोक त्या रात्रींबद्दल बोलतात. पण त्याच्या आधी पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बसवायला सुरुवात केली होती, आधी थोड्या, मग शेकड्यांनी. आणि त्याच्याही आधी 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडून उपाशी मुली गोळा करत होत्या. त्या मुलींना जेवण, विहिरी, छापखाना, विणकाम, अक्षरओळख. रात्रीची ज्योत सगळ्यांना दिसते, पण दिवसभराची ही तेलाची ने-आण कुणी मोजत नाही. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या. आदल्याच वर्षी मुलगी मनोरमा गेली होती. तरीही मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. ते मुक्तीतल्याच बायकांच्या हातांनी जुळवलं गेलं, छापलं गेलं. त्याला तयारी म्हणायचं नाही तर कशाला?

उज्जैनपासून फार लांब नाही असं एक गाव आहे, उदयनगर, देवास जिल्ह्यात. केरळमधल्या पुल्लुवळीची सिस्टर राणी मारिया 1992 मध्ये तिथे आली. भूमिहीन मजुरांना तिनं सावकाराच्या तावडीतून बाहेर काढायला सुरुवात केली: बचतगट, बँकेची कर्जं, सरकारी योजना, कागद कसा भरायचा. 25 फेब्रुवारी 1995 ला ती उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसली. वाटेत, बाकीचे प्रवासी बसमध्ये असताना, एका माणसानं तिच्यावर सुऱ्यानं वार केले. 54 जखमा. तिचं वय 41. ती तयार होती का, असा प्रश्न मला पडतो आणि मग तो चुकीचा वाटतो. बसमध्ये चढताना ती मरायला निघाली नव्हती, कामाला निघाली होती.

तिच्या मरणाइतकंच पुढे जे घडलं ते आमच्या बुधवारच्या विषयाचं आहे. मारेकरी तुरुंगात गेला. तिथे त्याच्याकडे एक ख्रिस्ती धर्मगुरू जायला लागले, भगव्यात राहणारे, स्वामी सदानंद नावानं ओळखले जाणारे. ते एकदा जाऊन मोकळे झाले नाहीत, जात राहिले. 2002 मध्ये राणी मारियाची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याला राखी बांधली. कुटुंबानंही माफ केलं, सुटकेसाठी शब्द टाकला, 2006 मध्ये तो सुटला. नंतर तो केरळमध्ये तिच्या आईसमोर जाऊन उभा राहिला. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये राणी मारियाला धन्यवादित घोषित केलं गेलं.

माफीची ही गोष्ट सांगताना लोक सेल्मीची राखी सांगतात, आणि सांगायलाच हवी. पण राखी एका दिवसाची. त्याच्या आधी जो माणूस तुरुंगाच्या फाटकावर नाव लिहून, झडती देऊन, पुन्हा पुन्हा आत गेला, त्यानं दोन्ही बाजूंना तेल पोचवलं असणार. खुन्याला, की तुझं अजून काही होऊ शकतं. आणि बहिणीला, की तुला हे जमेल. कुणीतरी तीमथ्य लागतोच. त्याचं नाव नंतर खालच्या ओळीत येतं किंवा येतच नाही.

हे मी आत्याकडे बोललो तेव्हा पुढच्या बुधवारचं ठरत होतं. पीथमपूरवाल्याची आई म्हणाली, फेब्रुवारीत 25 ला आपण उदयनगरला जाऊ या का, तिथे तिची कबर आहे, त्या दिवशी लोक येतात. खोलीत जरा शांतता झाली, कारण आम्ही प्रोटेस्टंट आणि ते कॅथलिक, आणि नगरकडच्या घरांमध्ये ही रेघ अजून ठळक असते. एका काकांनी सरळ विचारलं, कबरीपुढे प्रार्थना करायची का मग आपण? त्यांचे वडील पाळक होते, त्यांच्या बोलण्याला वजन होतं.

"प्रार्थना देवाला करू," आत्या म्हणाली. "पण जाऊन बसायला काय झालं? तिच्याबरोबरच्या नन्सनी शेकडो कागद भरलेत त्या मजुरांचे. विचारू त्यांना, कसं करतात."

मग वाद सुरू झाला तो यावरून की नानाखेड्याहून एसटीसारखी सरकारी बस मिळते का, की टेम्पो ट्रॅव्हलर करावी. इथे सगळ्या खासगी बस, इंदूरला उतरून पुढची पकडावी लागेल, रस्त्याच्या कामामुळे तासभर जास्त धरा. काकांनी ट्रॅव्हलरचं भाडं विचारायचं कबूल केलं, म्हणजे येणार हे ठरलं. शेजारच्या काकू अजून उठल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, जागा असेल तर मलाही सांगा, देवासवरून गेलो तर टेकडी वाटेत लागेल, चामुंडेचं दर्शन होईल. आत्यानं वही काढली आणि त्यांचं नाव लिहिलं.